होडीतली मॅट दर मोसमाला का उखडते?

नारळी पौर्णिमा जवळ आली की गोव्यात शापोरा नदीच्या काठावरच्या माझ्या ताडपत्रीखाली तीच तक्रार येते. "गेल्या वर्षीची मॅट गेली, यंदा कुठली घालू?" मी फायबरच्या लहान होड्यांचं काम करतो. १६ ते २५ फुटांच्या, मागे एक इंजिन, आत दोन-तीन माणसं, जाळं आणि बर्फाची पेटी. हरमल, केरी, मोरजी, शिवोलीच्या होड्या जास्त. कधीमधी बेतूलहूनही एखादी टेम्पोत चढून येते. विचारणारा नव्या मॅटचा रंगसुद्धा ठरवून आलेला असतो. मी आधी जुनी मॅट उचलतो आणि खाली बघतो. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. मॅट बदलली की ते वर्षभर झाकलं जातं, इतकंच.

तुमच्या होडीत यातलं काय काय होतं ते आधी पाहा:

- मासळी वर घेताना पाय सटकतो, कोरड्या होडीत मात्र काही होत नाही.
- मॅटच्या कडा आणि कोपरे उचलले जातात. त्यात गरी अडकते, कधी पाय अडकतो.
- होडी दोन दिवस उन्हात ठेवली तरी कुजक्या सुंगटांचा (कोळंबीचा) वास जात नाही.
- अकरा वाजल्यानंतर अनवाणी उभं राहवत नाही.
- जाळं सोडवून घरी गेल्यावर गुडघे आणि कंबर बोलायला लागतात.
- एखाद्या जागी पाय ठेवला की डेक दबतो, खालून कुरकुर ऐकू येते.
- होडी जड झाली आहे. पूर्वी चौघे वाळूवर ओढत होते, आता सहा जण लागतात.

शेवटची दोन लक्षणं एकत्र दिसत असतील तर मधलं सगळं सोडा आणि डेक वाजवून बघण्याच्या भागाकडे जा. बाकीच्यांनी खालच्या क्रमानेच जावं. फुकटचं आधी घेतलं आहे, खर्चाचं शेवटी.

आधी धुवा

हसू नका. मोरजीचे एक काका दोन मोसम "निसरडी मॅट" म्हणून शिव्या घालत होते. तिसरी विकत आणायच्या बेतात होते. मी होडी किनाऱ्याला लावून घेतली, कपडे धुवायची पावडर टाकली आणि काथ्याच्या ब्रशने अर्धा तास घासली. काका स्वच्छ पाणी ओतून त्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "आता रवता पाय." मॅट तीच होती.

मासळीचा बुळबुळीतपणा नुसत्या समुद्राच्या पाण्याने निघत नाही. खवले, रक्त, तारल्यांचं तेल आणि इंजिनचं तेल यांचा पातळ थर बसतो. कोरडा असताना तो दिसतही नाही. ओला झाला की साबणासारखा होतो. धुताना थंड पाणीच घ्या. गरम पाण्याने रक्त आणि बुळबुळ शिजून चिकटते, मग निघता निघत नाही. ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर तिच्याबरोबर संडास धुवायचं अॅसिड अजिबात नको. दोन्हींच्या मिश्रणातून निघणारा वायू होडीच्या खोलगट जागेत साचतो आणि छातीत भरतो.

धुऊन, वाळवून, पुन्हा ओली करून त्यावर अनवाणी उभे राहा. पाय टिकला तर इथेच थांबा, तुमचा खर्च वाचला. नाही टिकला तर पुढे चला.

पाणी कुठे जातं ते बघा

यात दोन बादल्या पाणी लागतं, दुसरं काही नाही. पण ही तपासणी लोक होडी वाळूवर असताना करतात आणि तिथेच चुकतात. वाळूवर होडी कशीही कलंडलेली असते. पाण्यात उतरवा, इंजिन लावा, पेट्रोलचा कॅन आणि बर्फाची पेटी नेहमीच्या जागी ठेवा, नेहमीची माणसं नेहमीच्या जागी बसवा. मग नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, दोन बादल्या ओता आणि पाण्याकडे बघत राहा.

पाणी मागे, उपसायच्या जागेकडे, दोन-तीन मिनिटांत गेलं पाहिजे. मध्येच थांबलं तर त्या जागी खूण करा. बहुतेक वेळा आडव्या बरगडीखालचं भोक बुजलेलं असतं. त्यातून जाळ्याचे तुकडे, खवले, काथ्याचे धागे निघतात. एकदा तर पानाच्या ठेल्यावरची चुना भरायची डबी निघाली. तार घालून मोकळं करा. भोक मुळातच करंगळीएवढं असेल तर ते पुन्हा पुन्हा बुजणारच.

मग मॅट घालून हेच परत करा. इथे खरा फरक कळतो. मॅट या काठापासून त्या काठापर्यंत चिकटवलेली असेल तर वरचं पाणी वाहून जातं आणि खाली शिरलेलं तिथेच मुक्काम करतं. वास या पाण्याचा असतो. कडाही तेच उचलतं, कारण दुपारी ते तापतं, फुगतं आणि गोंदाला खालून ढकलत राहतं. म्हणून कुठलीही मॅट घाला, दोन्ही बाजूंना बोटभर फट मोकळी सोडा. माझ्याकडे आलेल्या उखडलेल्या मॅटपैकी बहुतेकांना ही फट नव्हती. दिसायला भिंतीपासून भिंतीपर्यंत छान दिसतं ना!

उन्हाची आणि गरीची परीक्षा

दुकानात सगळ्या मॅट मऊच लागतात. दुकानदाराकडून हातभर नमुना मागून घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणारच असाल तर तिथून चार तऱ्हा गोळा करा. दुपारी बारा ते एक सगळे तुकडे होडीतच उन्हात ठेवा आणि तळवा टेकवा. मनात पाच मोजेपर्यंत तळवा ठेवता आला नाही तर ती मॅट एप्रिल-मेमध्ये तुमच्या कामाची नाही. काळी आणि गडद निळी तिथेच बाद होतात. फिकट राखाडी किंवा मातकट रंग चालतो. पांढरा शुभ्र डोळ्यांवर येतो आणि दुसऱ्या दिवशी पांढरा राहतही नाही.

त्याच तुकड्यावरून गरी ओढा, आणि टाकाऊ जाळ्याचा तुकडा पाय देऊन घासा. कार्पेट आणि हिरवं प्लास्टिकचं गवत इथे नापास होतं. गवत दिसायला लॉन, पण त्यात गरी रुतली की सोडवायला पक्कड लागते. खवले मुळाशी जाऊन बसतात आणि प्लास्टिकच्या काड्या तुटून पाण्यात पडत राहतात. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्यांचं वेगळं. त्यांच्या होडीत ना गरी, ना बांगडा. मासेमारीच्या होडीत मी ते बसवून देत नाही, सरळ नाही म्हणतो.

शिंगाळ्याचा काटा मऊ फोममध्ये टाचणीसारखा घुसतो आणि तिथेच मोडतो. पुढचा पाय कुणाचा पडेल सांगता येत नाही. ज्यांच्या जाळ्यात शिंगाळे जास्त येतात त्यांनी जाळं ओतायच्या जागी फोम घालूच नये.

बादलीची परीक्षा

फोमची मॅट घेणार असाल तर ही चुकवू नका. फोम दोन जातींचा असतो. एकाचे बुडबुडे आतून बंद, दुसऱ्याचे एकमेकांना उघडे. चपलेचा तळवा पहिल्या जातीचा, भांडी घासायचा स्पंज दुसऱ्या. बोटीसाठी म्हणून विकतात तो ईव्हीए फोम चपलेच्याच घराण्यातला. पण फोम म्हणून काहीही गळ्यात मारलं जातं.

नमुना मासळीच्या काट्यावर तोला. बादलीत बुडवून वर वीट ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी वरचं पाणी पुसून परत तोला. वजन जवळजवळ तेच असेल तर घ्या. दुप्पट झालं असेल तर तो स्पंज आहे.

वजनावर एवढा जीव का टाकतो, तर हिशेब करा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. चार चौरस मीटर कार्पेटने तीन मिलिमीटर पाणी धरलं तर १२ किलो झाले. २० लिटर पेट्रोलचं वजन साधारण १५ किलो असतं. म्हणजे ओलं कार्पेट घेऊन फिरणारा माणूस रोज एक जवळपास भरलेला कॅन फुकट फिरवतो आणि पेट्रोल जास्त लागतं म्हणून मेकॅनिकला बोल लावतो.

मुलांच्या खेळायच्या, एकमेकांत अडकणाऱ्या चौकोनी मॅटही ईव्हीएच्याच असतात आणि स्वस्त असतात. चालतील का? एक मोसम चालतात. पण फार हलक्या असतात, उन्हात आकसतात, आणि मग सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडतात. नेमक्या त्या फटीत कुर्लीची नांगी तुटून बसते आणि वास सुटतो.

गोंद कुठे राहिला?

मॅट सुटलीच असेल तर फेकायच्या आधी उलटी करा. गोंद स्वतःच सांगतो काय चुकलं ते. लोक नेमकी हीच गोष्ट बघत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळा गोंद मॅटला चिकटून वर आला आणि खालचं फायबर स्वच्छ, चकचकीत असेल तर फायबर तयार केलंच नव्हतं. नव्या फायबरवर मेण असतं. साच्यातून सुटावं म्हणून साच्याला मेण लावतात, आणि वरून मारलेल्या शेवटच्या रेझिनमध्येही (फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवात) हवेत नीट सुकावं म्हणून मेण घालतात. त्यावर गोंद टिकत नाही. आधी ॲसिटोनच्या फडक्याने पुसायचं, फडकं बदलत पुसायचं, आणि मगच ८० नंबरच्या सँडपेपरने घासायचं. उलट केलं, म्हणजे आधी घासलं, तर मेण ओरखड्यांत भरून बसतं आणि कितीही चांगला गोंद आणला तरी फुकट. ॲसिटोन पेटायला क्षणही लागत नाही. विडी बाजूला ठेवा.

सगळा गोंद फायबरवर राहिला आणि मॅटची पाठ कोरी निघाली तर त्या मॅटला तो गोंद मानवत नाही. प्लास्टिकच्या चादरीत मऊपणासाठी जे तेल घातलेलं असतं ते हळूहळू बाहेर येतं आणि गोंदाला सोडवतं. घरात घालायची फ्लोअरिंगची चादर होडीत टाकणाऱ्यांना हा अनुभव हटकून येतो. ती ओली झाली की निसरडी होते, ते आणखी वेगळं.

गोंद मधोमध फाटला असेल, अर्धा वर अर्धा खाली, आणि हाताला चिकट लागत असेल, तर तिथे पेट्रोल पोचलं आहे किंवा गोंद नीट सुकायच्या आधीच मॅट दाबली आहे. पिवळा रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबायचं असतं. घाई केली तर आतला पातळ द्रव कोंडतो आणि उन्हात फुगे येतात. भर जुलैत लावला तरी फसतो. द्रव उडताना गोंदाचा थर गार पडतो, हवेतली ओल त्यावर दव धरते, आणि आपण गोंदाऐवजी दवावर मॅट चिकटवतो. कोरड्या दिवशी, होडी सावलीत असताना काम करा.

एवढं सगळं माहीत असून मी आता मॅट चिकटवतच नाही. का, ते खाली येतं.

डेक वाजवून बघा

इथून पुढे खर्च सुरू होतो.

फायबरच्या होडीत सपाट डेक असेल तर तो बहुधा प्लायवूडचा असतो, वरून फायबर गुंडाळलेला. मॅट काढा, डेक वाळू द्या आणि हातोडीच्या दांड्याने टप टप करत नाळेपासून मागेपर्यंत जा. चांगला डेक कडक आवाज देतो. प्लाय कुजलं असेल तिथे आवाज बसका येतो, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. खडूने त्या भागाला वर्तुळ करा. पंधरा मिनिटांत नकाशा तयार होतो.

पाणी आत जातं स्क्रूच्या भोकांतून. पेटी हलू नये म्हणून एक स्क्रू, पट्टी बसवायला चार, मॅटची कड दाबायला आठ. दर भोकातून थेंब थेंब आत. स्क्रू लावायचाच असेल तर जाड भोक पाडून त्यात एपॉक्सी (सुकल्यावर कडक होणारा गोंद) भरा, घट्ट झाल्यावर त्या एपॉक्सीतच बारीक भोक पाडा. मग पाणी लाकडाला भेटत नाही.

आता एक गोष्ट उलटी वाटेल, पण खरी आहे. होडीचं लाकूड समुद्रात जेवढं कुजतं त्याहून जास्त किनाऱ्यावर कुजतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मिठात फारसं जगता येत नाही. तिला पावसाचं गोडं पाणी लागतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे उघड्या होडीच्या दर चौरस मीटरवर वर्षाला तीन हजार लिटर. ट्रॉलरना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, समुद्र खवळलेला असतो, लहान होड्याही बऱ्याचशा वर ओढून ठेवतात, आणि मॅट आत तशीच राहते. खाली गोडं पाणी, वर झाकण. बुरशीला आणखी काय हवं? मिरगाआधी मॅट काढून घरी नेली, डाट (तळाचं बूच) काढून ठेवला आणि होडीवर झावळ्यांची खोप घातली, तर यातले निम्मे लोक माझ्याकडे येणार नाहीत. माझं नुकसान, पण लिहितो.

शिवोलीला २४ जूनच्या सांजांव या सणाला होड्या सजवून लोक त्यात नाचतात. आपला डेक मऊ झाला आहे हे काही मालकांना त्या दिवशी कळतं, ढोलाच्या तालावर.

मग घालायचं काय?

एकच मॅट सगळ्या होडीला घालायचा हट्ट सोडला की उत्तर सोपं होतं. होडीत कामं तीन तऱ्हेची असतात, तशा जागाही तीन.

चढण्या-उतरण्याची आणि चालायची जागा: इथे मॅट नकोच. डेकचा रंग आणि त्यावर वाळू. रंगाचा हात ओला असतानाच चाळलेली, धुऊन वाळवलेली नदीची बारीक वाळू भुरभुरायची, दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून वरून पातळ हात मारायचा. समुद्राची वाळू घेऊ नका. तिच्यातलं मीठ ओल ओढतं आणि रंग पापुद्र्याने सुटतो. हा रंग स्वस्त पडतो, उखडायला त्याला कडाच नसते, आणि खराब झाला तर तेवढाच भाग परत रंगवता येतो.

जाळं ओतायची जागा: गुळगुळीत आणि उघडी ठेवा. तिथे काहीही घातलं तरी जाळं अडकतं. पाय टिकावा म्हणून पोफळीच्या रिपांची सुटी जाळी करून घ्या, रिपा तासून, कोपरे गोल करून. पूर्वी पातीत, म्हणजे जुन्या लाकडी होडीत, सुट्या फळ्या टाकायचे, त्यातलाच हा प्रकार. पाणी खालून जातं, जाळी उचलून धुता येते. एकच सांभाळा. जाळी दोन इंच उंच झाली की तुम्ही दोन इंच वर आणि होडीचा काठ दोन इंच खाली. वाकून जाळं ओढताना काठ गुडघ्याच्या खाली गेला तर तोल गेल्यावर अडवायला काही उरत नाही. उंची आधी काठाशी मापून घ्या.

बसायची आणि इंजिन धरून उभं राहायची जागा: मॅट इथे घाला. पाच-सहा मिलिमीटरचा बंद बुडबुड्यांचा फोम, फिकट रंगाचा, वर रेघा पाडलेला. त्याहून जाड घेतला की उभं राहताना घोटे सारखे तोल सावरत राहतात आणि संध्याकाळी पाय भरून येतात. लोकांना वाटतं जेवढं मऊ तेवढा आराम. बसायला ते खरं, उभं राहायला नाही. गुडघ्यांसाठी बोटभर जाड फोमची वेगळी उशी करा आणि गुडघे टेकाल तिथे सरकवा. तेवढ्यासाठी सगळी होडी गादी करायची गरज नाही. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात असते ती भोकांची रबरी मॅटही उभं राहायला उत्तम. पण ती जड आणि बहुधा काळी असते, आणि पांढऱ्या फायबरवर तिचे डाग बसतात ते जात नाहीत.

काथ्याची मॅट बऱ्याच जणांची आवडती. खाऱ्या पाण्याला काथ्या दाद देत नाही, पाय छान टिकतो. पण पाणी धरून ठेवतो आणि धागे गळून पुन्हा त्याच भोकात जाऊन बसतात. रोज उचलून झटकणार असाल तर घाला.

आता चिकटवण्याबद्दल. मॅटचे दोन-तीन सुटे तुकडे करा, प्रत्येक तुकडा एका हाताने उचलता येईल एवढा. एक कड बसायच्या फळीखाली सरकवा, दुसऱ्या कडेला दोन पितळी कड्या मारून दोरीने बरगडीला बांधा. चिकटणाऱ्या काटेरी पट्ट्यांच्या (वेल्क्रोच्या) नादी लागू नका, आठवड्यात वाळूने भरतात. रोज घरी येताना तुकडे उचला, उलटे करून काठावर वाळत टाका. खाली पाणी राहत नाही, वास धरत नाही, गळती लागली तर त्याच दिवशी दिसते. टेम्पोतून होडी नेताना मात्र ते काढून घ्या. कोलवाळच्या पुलावरून माझा एक तुकडा उडाला, मागच्या स्कूटरवाल्याच्या पुढ्यात पडला. तो माणूस काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कुठे थांबायचं

पेट्रोलच्या कॅनखाली फोम किंवा कार्पेट घालू नका. गळती त्यात मुरते आणि दिसत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी जाऊन बसते. मॅट उचलल्यावर खालून पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरू करू नका, बॅटरीची वायर लावू-काढू नका, होडी उघडी ठेवून बाजूला व्हा आणि जाणत्या मेकॅनिकला बोलवा. यात स्वतः शोध घेत बसायचं नसतं.

डेक वाजवताना खडूचं वर्तुळ तळहातापेक्षा मोठं निघालं, किंवा कितीही लहान असलं तरी इंजिन अडकवतो त्या मागच्या फळीजवळ निघालं, तर तिथे मॅटने झाकाझाकी नको. त्या फळीवर इंजिनचं सगळं वजन आणि सगळा जोर असतो. भर समुद्रात ती सुटली तर इंजिनही जातं आणि मागून पाणीही येतं. फायबरवाल्याला दाखवा, आणि नवं प्लाय घालणार असेल तर त्यावर आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का आहे का ते स्वतः बघा.

होडी तीन दिवस कोरड्या जागी ठेवूनही एखाद्या चिरेतून पाणी झिरपत राहिलं तर डेकखालच्या पोकळीत पाणी भरलं आहे. होडी जड लागते ती यामुळे. तो भाग कापून उघडावा लागतो. काही जण तरंगायला मदत म्हणून तिथे थर्माकोल भरतात. त्यावर पेट्रोल सांडलं की ते विरघळतं, आणि साधं पॉलिस्टर रेझिन लागलं तरी विरघळतं. उघडल्यावर आत चिकट गोळा आणि पाणी मिळतं. असं काही दिसलं तर स्वतः कापाकापी करू नका. कुठे कापलं तर होडीची ताकद जाते हे बघून कळत नाही.

आणि रेझिन घरी मिसळायला जाऊ नका. रेझिन घट्ट करायला घालतात ती दोन रसायनं, कोबाल्ट आणि हार्डनर, एकमेकांत थेट ओतली तर भडका उडतो, स्फोटही होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चुकून गेलाच तर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि थेट इस्पितळ गाठा. बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका.

कापायच्या आधी

खालचं सगळं ठीक निघालं आणि मॅट आणलीच, तर जुन्या वर्तमानपत्रांचे कागद जोडून होडीत पसरा आणि आधी कागदाचा साचा कापा. दोन्ही बाजूंची बोटभर फट कागदातच सोडा. साच्यावर "नाळ इकडे" आणि "ही बाजू वर" असं मोठ्या अक्षरात लिहा, कारण मॅटच्या पाठीवर आखताना साचा उलटा होतो. मी एकदा लिहिलं नव्हतं. उजवीकडची अख्खी बाजू डावीकडची म्हणून कापली गेली. तो तुकडा गेली काही वर्षं आमच्या घराच्या दारात पायपुसणं म्हणून पडला आहे, आणि अजून एकदाही उखडलेला नाही.